आधी टाचा बघा: वृद्ध शुश्रूषा केंद्र कसं पारखायचं आणि नंतर लक्ष कसं ठेवायचं

आत्याला केंद्रात ठेवून अकरा दिवस झाले होते. सहज म्हणून तिच्या पायातला मोजा काढला, तर डाव्या टाचेवर बटणाएवढा लालसर-जांभळा डाग. बोटाने दाबून तीन सेकंदांनी बोट उचललं. चांगली कातडी दाबल्यावर क्षणभर पांढरट पडते आणि मग पुन्हा रंग भरतो. हा डाग होता तसाच राहिला. ड्युटीवरच्या सिस्टरना दाखवला. त्यांनी फाइल काढली. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या ओळीने होत्या, एकाच शाईच्या, एकाच हाताच्या. घड्याळात सात वाजायला वीस मिनिटं कमी होती आणि आठ वाजताच्या रकान्यात सही होऊन गेली होती.

प्रवेश घेताना मी काय पाहिलं होतं? स्वच्छ फरशी, हवेशीर खोली, भिंतीवरची प्रमाणपत्रं. डॉक्टर आणि संशोधक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेचा दर्जा तपासण्यासाठी तीन कप्पे मांडले: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. इमारत, खाटा, माणसांची संख्या ही रचना. कूस खरंच बदलली का, ही प्रक्रिया. टाच हा परिणाम. आपण नातेवाईक बहुतेकदा पहिल्या कप्प्यातच समाधान मानतो. खाली जे लिहिलं आहे ते उरलेले दोन कप्पे कसे उघडायचे याबद्दल आहे.

जाण्याआधी: आपल्या माणसाचा एक कागद

केंद्रांची यादी करण्याआधी आपल्या माणसाची यादी करा. खाटेवरून स्वतः उठता येतं का? संडासला जाताना आधार लागतो की उचलावंच लागतं? गिळताना ठसका लागतो का? रात्री उठून फिरायची सवय आहे का? कोणती औषधं, किती वाजता? गेल्या वर्षभरात किती वेळा पडले? हा कागद हातात असला की "आम्ही सगळं बघतो" या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो. चालत्याफिरत्या पण विसराळू आजोबांसाठी उत्तम असलेलं केंद्र, अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी धोक्याचं असू शकतं.

पहिली भेट: त्यांनी दिलेली वेळ, आणि मग आपली वेळ

पहिल्यांदा त्यांनी बोलावलं तेव्हा जा. दुसऱ्यांदा रात्रीच्या जेवणानंतर, सुट्टीच्या दिवशी किंवा ड्युटी बदलायच्या वेळेला जा. आधी कळवल्याशिवाय कुटुंबाला आत येताच येणार नाही, असा नियम असेल तर कारण विचारा. साथ सुरू असेल तर ठीक आहे. एरवी मला तो नियम खटकतो.

आत गेल्यावर बैठकीच्या खोलीत एक तास नुसते बसा. फार काही विचारू नका. मी पाहते त्या गोष्टी या:

बेल वाजली की घड्याळ बघा. एखाद दुसऱ्या वेळी दहा मिनिटं लागणं समजू शकतं, पण प्रत्येक बेलला दहा मिनिटं लागत असतील तर त्याचा अर्थ संडासला जाऊ पाहणारी माणसं एकटीच उठणार आणि पडणार. बेलची दोरी किंवा बटण हाताशी आहे की खाटेमागे लोंबकळतंय?

पाण्याचा पेला किती लांब आहे? पेला भरलेला असतो, पण तो ज्या टेबलावर असतो तिथपर्यंत हात पोचत नाही. संध्याकाळी तो तसाच भरलेला परत जातो, आणि पत्रकात "पाणी दिले" अशी नोंद पडते.

चष्मे नाकावर आहेत का, कानातली यंत्रं कानात आहेत का, कवळी तोंडात आहे का? ती कपाटात असतील तर त्या माणसाचा निम्मा दिवस धूसर आणि मुका जातो.

जेवण भरवणारी व्यक्ती उभी आहे की बसलेली? उभं राहून भरवलं की घास वरून येतो, हनुवटी उचलली जाते, आणि अन्न श्वासनलिकेत जायची शक्यता वाढते. बसून, डोळ्यांच्या पातळीवर भरवणं ही केवळ माया नाही, ती सुरक्षितता आहे.

वासाबद्दल एक गोष्ट. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला तर नुकतंच काही झालं असेल. सगळ्या मजल्यावर, सगळ्या वेळी आला तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. आणि सुगंधी फवाऱ्याचा तीव्र दरवळ आला तर मी जास्त सावध होते.

माणसांबद्दलचे प्रश्न

"एकूण कर्मचारी किती?" हा निरुपयोगी प्रश्न. त्यात स्वयंपाकी, हिशेबनीस, माळी सगळे येतात. असं विचारा: काल रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे होते आणि किती रहिवासी होते? त्यांच्यात प्रशिक्षित परिचारिका होती का? एखादी मावशी आली नाही तर तिच्या जागी कोण येतं? इथे सगळ्यात जुनी व्यक्ती किती वर्षं आहे, आणि गेल्या सहा महिन्यांत किती जण सोडून गेले? माणसं टिकत नाहीत तिथे आजोबांना डाव्या बाजूने भरवावं लागतं, हे प्रत्येक नव्या माणसाला नव्याने कळावं लागतं.

शक्य असेल तर ड्युटी सोपवताना काय बोलतात ते कानावर पडू द्या. "सगळे ठीक आहेत" एवढ्यावर काम उरकलं, की "पाच नंबरच्या आजींनी दुपारपासून पाणी घेतलं नाही, लघवी गडद आहे" असं काही सांगितलं जातं? दुसऱ्या प्रकारचं वाक्य ऐकू आलं तर त्या केंद्राला माझ्याकडून बरेच गुण.

कातडी: इथे सर्वाधिक वेळ द्या

बेडसोर म्हणजे दाबामुळे होणारी जखम. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्तपुरवठा थांबतो, आणि आतलं मांस मरायला लागतं. माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, कोपर, खांदे, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी या तिच्या ठरलेल्या जागा. पहिल्या पायरीला कातडी अखंड असते, फक्त दाबल्यावर न जाणारी लाली दिसते. दुसरीला वरचा थर जातो किंवा फोड येतो. तिसरीला जखम चरबीपर्यंत आणि चौथीला स्नायू-हाडापर्यंत पोचते. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून जागा गरम, कडक, सुजलेली किंवा आजूबाजूपेक्षा गडद वाटते का ते हाताने बघायचं.

काय विचारायचं:

प्रवेशाच्या दिवशी पूर्ण अंगाची तपासणी करून लिहून ठेवता का? हे केंद्राच्याही फायद्याचं असतं. जखम घरून आली की इथे झाली, यावर पुढे वाद होत नाही.

धोका कशाने मोजता? ब्रेडन मापन बरंच वापरात आहे. संवेदना, ओलसरपणा, हालचाल, स्थिती बदलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबींचे मिळून ६ ते २३ गुण, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. साधारण १८ किंवा त्याखाली आले की काळजी घ्यायची. आकड्यापेक्षा महत्त्वाचा पुढचा प्रश्न: गुण कमी आल्यावर तुम्ही वेगळं काय करता?

कूस किती वेळाने बदलता? दोन तासांचा नियम सर्वत्र सांगितला जातो, पण तो सगळ्यांना सरसकट लागू नाही. चांगली दाब विभागणारी गादी असेल तर थोडं जास्त अंतर चालू शकतं. लाली लवकर येत असेल तर कमी ठेवावं लागतं. खुर्चीत बसलेल्यांकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. खुर्चीत नितंबांवर दाब जास्त पडतो, म्हणून तिथे दर तासाला तरी स्थिती बदलायला हवी. कुशीवर झोपवताना अगदी ९० अंशांत नको, मांडीच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंशांची तिरकी कूस बरी. जेवणाची वेळ सोडली तर खाटेचं डोकं ३० अंशांपेक्षा वर नको, कारण माणूस खाली घसरतो आणि कातडी आतून ताणली जाते.

टाचांसाठी उशी पोटरीखाली लावतात, टाच हवेत राहिली पाहिजे. मधे भोक असलेली रबरी चकती वापरू नका, कडेला दाब वाढतो. लाल जागेवर तेल लावून चोळणंही नको. आपल्याला ती माया वाटते, आणि आतल्या दुखावलेल्या पेशींना ती मार ठरते. हे मी स्वतः दोन दिवस केलं होतं.

आत्याच्या टाचेचं पुढे काय झालं? त्याच रात्री पोटरीखाली उशी आली. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना भेटून आठ वाजताच्या सहीचं सांगितलं, आवाज न चढवता. त्यांनी सह्यांचं पत्रक बदललं. आता वेळेबरोबर कूस कोणती, डावी की उजवी की पाठ, तेही लिहावं लागतं. आधीच लिहून ठेवलं तर खाटेकडे बघून लगेच कळतं. डाग तीन आठवड्यांनी गेला.

पडणं, आणि पडू नये म्हणून बांधणं

कुणी कधीच पडत नाही असं सांगणारं केंद्र एक तर नोंद ठेवत नाही, किंवा माणसांना उठूच देत नाही. विचारायचा प्रश्न असा: शेवटचं कोण पडलं, का पडलं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? "आजोबा ऐकत नाहीत" हे कारण नव्हे. रात्री दोनला संडासची घाई झाली, दिवा लांब होता, सपाता सैल होत्या, नवीन रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, ही कारणं.

रक्तदाब झोपून आणि मग उभं राहिल्यावर मोजतात का, हे आवर्जून विचारा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. औषधं पुन्हा तपासून घ्यायचं हे एक कारण.

पडल्यानंतर काय करायचं हे ठरलेलं हवं. लगेच दोघांनी मिळून उचलून खाटेवर ठेवायचं नाही. आधी शुद्ध, दुखणं, पायाची लांबी कमी-जास्त दिसते का, पाय बाहेर वळला आहे का, ते बघायचं. पडताना कुणी पाहिलं नसेल तर डोक्याला लागलंय असंच धरून पुढचे तास शुद्धीवर लक्ष ठेवायचं. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील आणि डोक्याला मार असेल, तर माणूस बरा दिसत असला तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं. आणि कुटुंबाला त्याच दिवशी. निळा डाग दिसल्यावर नव्हे.

आता बांधण्याबद्दल. कमरेला पट्टा, हातमोजे बांधणं, खुर्चीसमोर अडकवलेलं टेबल ज्यातून उठता येत नाही, सगळी बंधनंच. त्यांनी पडणं थांबतं असा समज आहे. प्रत्यक्षात स्नायू झिजतात, बेडसोर होतात, माणूस भांबावतो आणि सुटायच्या धडपडीत जास्त लागतं. खाटेचे कठडेही निरुपद्रवी नाहीत. गोंधळलेला माणूस त्यावरून चढतो आणि अधिक उंचीवरून पडतो. कठडा आणि गादी यांच्या फटीत डोकं-मान अडकून मृत्यू झाले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यासाठी खाटेभोवतीच्या सात धोक्याच्या जागा नेमून दिल्या आहेत, आणि डोकं अडकू शकेल अशी फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावी असं सुचवलं आहे. त्याऐवजी जमिनीलगत येणारी खाट, बाजूला मऊ चटई, रात्री मंद दिवा, आणि ठरलेल्या वेळी संडासला नेणं. शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

गिळणं, पाणी, वजन

महिन्याला वजन होतं का आणि ते लिहून ठेवतात का? महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर ती दखल घेण्याजोगी. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो कमी झालं, तर "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. दात, गिळणं, मन, औषधं, की भरवायला वेळच दिला जात नाही, यातलं काहीतरी असतं.

जेवताना ठसका, जेवणानंतर ओलसर घरघरता आवाज, गालात साठून राहिलेला घास, वारंवार ताप, ही अन्न चुकीच्या वाटेने जात असल्याची लक्षणं. गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडून अन्न-पाण्याचा घट्टपणा ठरवून घ्यावा. त्यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, ० म्हणजे साधं पातळ पाणी आणि ७ म्हणजे नेहमीचं अन्न. ती श्रेणी फाइलमध्ये असून उपयोग नाही, भरवणाऱ्या मावशींना ठाऊक हवी. त्यांनाच विचारा. जेवताना सरळ बसवायचं आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही.

तोंडाची स्वच्छता हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जपानमधल्या वृद्ध शुश्रूषा केंद्रांतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर दात आणि तोंड साफ करून दिलेल्या गटात न्यूमोनिया कमी आढळला. भेटीला गेलात की ब्रश ओला आहे का बघा. मी बघते.

औषधं आणि गुंगी

औषधांची यादी प्रवेशाच्या दिवशी, इस्पितळातून परत आल्यावर आणि दर काही महिन्यांनी तपासून घ्या. प्रत्येक गोळीपुढे एकच प्रश्न: ही कशासाठी, आणि अजून लागते का? डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांचे निकष मांडले, तेही मुळात शुश्रूषा केंद्रातल्या रहिवाशांसाठीच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ही वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञांची संघटना ते वेळोवेळी सुधारते, २०२३ मध्येही सुधारले. झोपेच्या गोळ्या, काही अॅलर्जीच्या गोळ्या, लघवीवरची काही औषधं त्यात येतात. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मात्र कोणतीही गोळी आपणहून बंद करू नका.

एक गोष्ट ठामपणे सांगते. स्मृतिभ्रंशाचा माणूस ओरडतो, फिरतो, हात उगारतो म्हणून मानसिक आजाराची औषधं देऊन शांत करणं ही सोय बहुतेकदा केंद्राची असते. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा रुग्णांत नव्या पिढीच्या या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. कधीकधी ती लागतात, हे खरं. पण आधी दुखणं, बद्धकोष्ठता, भूक, भीती, तुंबलेली लघवी बघितली का, डोस कमी करून कधी थांबवणार, आणि कुटुंबाला विचारलं का? दुपारी दोनला सगळा मजला चिडीचूप झोपलेला दिसला तर मला बरं वाटत नाही.

अचानक बदल

"दोन दिवसांपासून आजी वेगळ्याच वागतायत" हे वाक्य गंभीरपणे घ्यायला हवं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. तासा-दिवसांत सुरू झालेला, दिवसात कमीजास्त होणारा, लक्ष एका जागी न टिकणारा गोंधळ वेगळा. त्यामागे जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध, दुखणं असं कारण सापडू शकतं. गुपचूप पडून राहणाऱ्या माणसाला हा गोंधळ झाला तर तो नजरेतून सुटतो, कारण तो माणूस कुणाला त्रास देत नाही. नुसती लघवीची तपासणी करून प्रतिजैविक सुरू करणं हाही चुकीचा शॉर्टकट आहे. वृद्धांच्या लघवीत लक्षणं नसतानाही जंतू सापडतात.

बोलता न येणाऱ्याचं दुखणं चेहरा, श्वास, कण्हणं, अंगाची ताठरता आणि समजूत काढल्यावर शांत होतं का यावरून ओळखतात. यासाठी दहा गुणांचं मापन आहे, सिस्टरना विचारा.

थोडक्यात उरकायच्या पण न चुकवायच्या बाबी

हात: एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना हात साफ होतात का? हातमोजे घातले म्हणून हात धुणं माफ होत नाही. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर का आहे आणि कधी काढणार, याची तारीख असावी. आंघोळीचं पाणी हाताने नव्हे, मापकाने बघावं. ४४ अंशांपेक्षा गरम पाण्यात अशक्त माणसाला उतरवू नये. पातळ कातडी लवकर भाजते आणि हात-पाय मागे घ्यायला वेळ लागतो. आग लागली तर न चालणाऱ्यांना रात्री कोण, कसं बाहेर काढणार, हे रात्रपाळीच्या माणसाला विचारा. दिवसपाळीच्या नको.

प्रवेशानंतर: वही

खिशात एक छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, कोण ड्युटीवर, काय पाहिलं. भेटीच्या वेळा सारख्या ठेवू नका. दर वेळी टाचा आणि माकडहाड बघा, तोंड उघडून बघा, नखं बघा, पेला बघा. बोटांच्या आकाराचे दंडावरचे डाग, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला पाहून आक्रसणं, स्पष्टीकरण दर वेळी बदलणं, एकांतात भेटू न देणं, हे दिसलं तर त्याच दिवशी लिहा, तारखेसह फोटो काढा, डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि संबंधित सरकारी यंत्रणेकडे जा. जिवाला धोका वाटत असेल तर आधी माणसाला तिथून हलवा.

बाकीच्या तक्रारींसाठी पायऱ्या असतात. पहिली, ड्युटीवरची सिस्टर. दुसरी, व्यवस्थापक, लेखी, एका वेळी एकच मुद्दा, आणि "कधीपर्यंत?" हा प्रश्न. तिसरी, बाहेरची यंत्रणा. "तक्रार केली तर आईवर राग काढतील" ही भीती खोटी नाही. म्हणून चांगलं दिसलं तेही त्याच वहीत लिहा आणि नाव घेऊन सांगा. रात्रपाळीच्या मावशींबद्दल आपलं आभाराचं पत्र व्यवस्थापकांकडे गेलं की पुढची तक्रारही वैर वाटत नाही.

आणि खाटेपाशी एक कागद लावा, मोठ्या अक्षरात. त्यावर आजार लिहायचे नाहीत, माणूस लिहायचा. मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका शुश्रूषा केंद्रातल्या एका मजल्यावरच्या रहिवाशांना छोटे निर्णय स्वतः घ्यायला आणि एक रोप सांभाळायला सांगितलं होतं. ते इतरांपेक्षा अधिक सतर्क आणि हालते राहिले. आत्याच्या कागदावर मी लिहिलं: "उजव्या कानाने ऐकू येतं. 'आजी' म्हटलेलं आवडत नाही, बाई म्हणा, तीस वर्षं शिकवलंय. अंघोळ सकाळी नको, संध्याकाळी. दिवा पूर्ण बंद केला तर घाबरते."

आठवड्याने रात्री नऊच्या सुमाराला गेले. दार अर्धं उघडं होतं, मंद दिवा चालू होता. मावशींनी खुर्ची ओढून खाटेच्या उजव्या बाजूला घेतली होती आणि विचारत होत्या, "बाई, आज कोणती कूस?"